सात मिनिटांआधीचे पाच दिवस : मोगादिशू, ऑक्टोबर १९७७

हे प्रकरण पश्चिम जर्मनीच्या जीएसजी-९ या पोलीस पथकाचं आहे. १८ ऑक्टोबर १९७७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर या पथकाने सोमालियातल्या मोगादिशू विमानतळावर लुफ्तान्साच्या अपहृत विमानात शिरून ८६ ओलिसांची सुटका केली. कारवाई सात मिनिटांत आटोपली. तिच्याबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांचा भर शिड्या, दरवाजे आणि ग्रेनेड यांवर असतो. इथे भर आहे तो त्याआधीच्या पाच दिवसांवर. त्या दिवसांत विमान सहा विमानतळांवर उतरलं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काहीतरी ठरवलं किंवा ठरवायचं टाळलं, आणि पथकाच्या हाती शेवटी जी परिस्थिती आली ती या निर्णयांतून तयार झाली होती.

प्रवासी, विमान कर्मचारी आणि अपहरणकर्ते यांची नावं दिलेली नाहीत. ज्या व्यक्ती सार्वजनिक पदांवर होत्या त्यांचीच नावं दिली आहेत.

पार्श्वभूमी

सुरुवात पाच वर्षं आधीची. ५ सप्टेंबर १९७२ च्या पहाटे म्युनिकच्या ऑलिंपिक क्रीडाग्रामात आठ पॅलेस्टिनी हल्लेखोर शिरले. इस्रायली संघातल्या दोघांना त्यांनी तिथेच मारलं आणि नऊ जणांना ओलीस धरलं. त्याच रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या हवाई तळावर बव्हेरियाच्या पोलिसांनी सुटकेचा प्रयत्न केला. हल्लेखोर चार-पाच असावेत या हिशोबाने पाच नेमबाज ठेवले होते. हेलिकॉप्टरमध्ये चढताना आठ जण दिसले, पण तो आकडा नेमबाजांपर्यंत पोहोचलाच नाही. त्यांच्याकडे एकमेकांशी बोलायला वायरलेस नव्हता. तळावरच्या विमानात कर्मचाऱ्यांच्या वेशात दबा धरून बसायचं काम ज्या पोलिसांकडे होतं, त्यांनी आयत्या वेळी आपसात ठरवून ते सोडून दिलं. नऊही ओलीस मारले गेले, शिवाय एक जर्मन पोलीसही.

त्या रात्री गृहमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर यांच्यासोबत उलरिश वेगेनर नावाचे सीमा पोलीस दलातले अधिकारी होते. त्यांनी हे सगळं जवळून पाहिलं. काही आठवड्यांतच केंद्र सरकारने स्वतःचं पथक उभारायचं ठरवलं आणि ते वेगेनर यांच्याकडे सोपवलं.

हे पथक सैन्याचं न करता पोलिसांचं केलं गेलं, आणि तो निर्णय विचारपूर्वक होता. नाझी राजवटीचा अनुभव गाठीशी असलेल्या जर्मनीत देशाच्या आत सैन्य उतरवण्यावर घटनेची कडक बंधनं आहेत. म्हणून पथक केंद्रीय सीमा पोलीस दलात बसवलं गेलं. बॉनजवळच्या हांगेलारला तळ मिळाला आणि एप्रिल १९७३ मध्ये ते सज्ज झालं. पोलीस असण्याचा अर्थ एवढाच की समोरचा माणूस कायद्याच्या लेखी गुन्हेगार असतो, शत्रुसैनिक नसतो. गोळी शेवटचा उपाय. कारवाई संपली की पंचनामा, साक्षी, खटला. वेगेनर इस्रायलमध्ये जाऊन शिकून आले, निवड कठोर ठेवली, आणि लुफ्तान्साच्या विमानांवर सराव सुरू झाला. प्रत्येक प्रकारच्या विमानाचा दरवाजा बाहेरून कसा उघडतो, किती वेळात उघडतो, उघडताना आवाज किती होतो, हे पथकाने वर्षानुवर्षं घोटलं. या काळात मोठी कारवाई एकही वाट्याला आली नाही. चार वर्षं नुसता सराव करणाऱ्या पथकावर एवढा खर्च कशाला, हा प्रश्न कुठल्याही देशात विचारला जातोच. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याचं उत्तर मिळालं.

समस्या

५ सप्टेंबर १९७७ रोजी कोलोनमध्ये रेड आर्मी फॅक्शन या डाव्या अतिरेकी गटाने उद्योजक संघटनेचे अध्यक्ष हान्स मार्टिन श्लायर यांचं अपहरण केलं. त्यांचा चालक आणि बंदोबस्तावरचे तीन पोलीस जागीच मारले गेले. मागणी होती ती श्टुटगार्टच्या श्टामहाइम तुरुंगातल्या गटाच्या नेत्यांसह इतर साथीदारांना सोडण्याची. चान्सलर हेल्मुट श्मिट यांचं सरकार सोडणार नव्हतं, आणि थेट नकारही देत नव्हतं. वेळ काढत होतं.

पाच आठवड्यांनी दबाव दुप्पट झाला. १३ ऑक्टोबरला स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या पाल्माहून फ्रँकफर्टला निघालेलं बोइंग ७३७ जातीचं 'लांड्सहूट' हे विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ एका पॅलेस्टिनी गटाच्या चौघांनी ताब्यात घेतलं. दोन पुरुष, दोन स्त्रिया. विमानात बहुतेक सुट्टीवरून परतणारे लोक होते. मागणी तीच, श्टामहाइमच्या कैद्यांची. त्यात तुर्कस्तानच्या तुरुंगातले दोन पॅलेस्टिनी आणि दीड कोटी डॉलर यांची भर. आता सरकारपुढे दोन ठिकाणचे ओलीस होते. एकाची जागा ठाऊक नव्हती, आणि बाकीच्यांची जागा सतत बदलत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मागण्या मान्य करण्याचा. तो अमानुष नव्हता, मूर्खपणाचाही नव्हता. सरकारने दोन वर्षांपूर्वी तेच केलं होतं. १९७५ मध्ये बर्लिनमधले अपहृत नेते पेटर लोरेन्झ यांच्या बदल्यात पाच कैदी सोडून त्यांना दक्षिण येमेनला पाठवलं गेलं. लोरेन्झ सुखरूप घरी आले. पण सुटलेल्यांपैकी एक स्त्री त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्हिएन्नात ओपेक मंत्र्यांना ओलीस धरणाऱ्यांत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रेड आर्मी फॅक्शनने स्टॉकहोमच्या जर्मन वकिलातीवर ताबा मिळवला, तेव्हा श्मिट यांनी नकार दिला होता. १९७७ मध्ये त्यांच्या मनात हा हिशोब पक्का होता.

दुसरा पर्याय होता, विमान जिथे असेल त्या देशावर सगळं सोपवण्याचा. तिसरा, परवानगीशिवाय घुसण्याचा. १९७६ मध्ये इस्रायलने एंटेबीत तसं केलं होतं, पण ती सैनिकी मोहीम होती आणि युगांडाच्या सैनिकांशी लढून झाली होती. पश्चिम जर्मनीला, युद्ध संपून बत्तीस वर्षं झालेली असताना, परक्या भूमीवर परवानगीशिवाय सशस्त्र माणसं उतरवणं शक्यच नव्हतं. उरला चौथा : यजमान देशाची संमती घेऊन आपलं पोलीस पथक उतरवणं. तोवर वाटाघाटी चालू ठेवायच्या आणि त्या खऱ्या वाटल्या पाहिजेत.

या निवडीला एक माणूस गमवावा लागू शकतो हे सगळ्यांना दिसत होतं. श्लायर यांच्या कुटुंबाने केंद्रीय घटनात्मक न्यायालयात धाव घेतली : मागण्या मान्य करून त्यांचे प्राण वाचवावेत असा आदेश सरकारला द्यावा. १६ ऑक्टोबरला न्यायालयाने नकार दिला. प्रत्येक जीव वाचवणं हे राज्याचं कर्तव्य आहे, पण ते कसं पार पाडायचं हे सरकारनेच ठरवायचं. राज्याचं उत्तर आधीच ठरलेलं असेल तर ते अतिरेक्यांच्या हिशोबात बसेल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. कायद्याच्या दृष्टीने मला हा निकाल बरोबर वाटतो. ज्या घरातल्या माणसाबद्दल तो होता, त्या घरात तो कसा वाचला गेला असेल याचा विचार केल्यावाचून मात्र तो नुसता बरोबर म्हणून पुढे जाता येत नाही.

श्मिट यांनी आणखी एक गोष्ट केली, तिचं श्रेय त्यांना कमी दिलं जातं. विरोधी पक्षनेते हेल्मुट कोल यांच्यासह सर्व पक्षांच्या प्रमुखांना त्यांनी संकट समितीत बसवलं. निर्णय फसला तर त्याचं राजकारण होणार नाही असं नव्हे, पण निर्णय घेताना कुणी बाहेरून कान भरत नव्हतं. कारवाई अपयशी ठरली असती तर श्मिट राजीनामा देणार होते.

निर्णयाच्या जागा : रोम, दुबई, एडन

विमान आधी रोमला उतरलं, इंधनासाठी. जर्मन गृहमंत्री वेर्नर मायहोफर यांनी इटलीचे गृहमंत्री फ्रान्चेस्को कोसिगा यांना फोन करून विनंती केली की विमान उडू देऊ नका, वाटल्यास टायर फोडा. इटलीने इंधन भरून दिलं आणि विमान गेलं. इटलीचा विचार समजतो : संकट आपल्या अंगणातून जाऊ दे. इटलीकडे त्या दिवशी असलं पथकही नव्हतं. पुढच्या वर्षी तिथेही अशी पथकं उभी राहिली. पण रोमला थांबलेलं विमान हांगेलारपासून दोन-तीन तासांवर होतं, मित्रदेशात होतं, आणि ओलीस ताजेतवाने होते. यानंतर तशी संधी कधीच आली नाही.

पथक मागोमाग निघालं. सायप्रसला ते पोहोचेपर्यंत लार्नाकाहून विमान पुढे उडालं होतं. अनेक अरब विमानतळांनी धावपट्टी नाकारली. बहारीनला थोडा थांबा झाला आणि १४ ऑक्टोबरच्या पहाटे दुबई.

दुबईत विमान दोन दिवसांहून अधिक उभं होतं. वाळवंटातलं ऊन, बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा, तुंबलेली शौचालयं. इथे विमानाच्या कॅप्टननी या प्रकरणातली सर्वांत मोलाची कामगिरी केली. कंट्रोल टॉवरकडे सिगारेटी मागवताना त्यांनी खुणेने कळवलं की अपहरणकर्ते चार आहेत, दोन पुरुष आणि दोन स्त्रिया. म्युनिकमध्ये जो आकडा पोलिसांकडे नव्हता, तो इथे मिळाला, आणि पिस्तुलाच्या टोकावर बसलेल्या माणसाने मिळवून दिला.

दुबईच्या टॉवरवरून संयुक्त अरब अमिरातीचे संरक्षणमंत्री स्वतः अपहरणकर्त्यांशी बोलत होते. पत्रकारांशी बोलताना त्यांनी कॅप्टननी ही माहिती कळवल्याचं सांगून टाकलं. त्यांचा हेतू कौतुकाचाच असणार. पण अपहरणकर्त्यांकडे रेडिओ होता. म्होरक्याने कॅप्टनना सगळ्यांसमोर मारण्याची धमकी दिली. त्यानंतर त्यांच्यावरचा संशय शेवटपर्यंत गेला नाही.

दुबईत वेगेनर आणि चान्सलरचे दूत हान्स-युर्गेन विश्नेव्स्की पोहोचले होते. ब्रिटनच्या एसएएस या लष्करी कमांडो पथकाचे दोन जण स्टन ग्रेनेड, म्हणजे डोळे दिपवणारे आणि कान बधिर करणारे ग्रेनेड, घेऊन आले होते. अमिरातीला कारवाईत आपल्या सैनिकांचा सहभाग हवा होता, म्हणून त्यांना शिकवणं सुरू झालं. ज्या कामासाठी जर्मनांनी चार वर्षं घालवली होती ते काही तासांत शिकवायचं होतं. ते पुरं व्हायच्या आत, १६ ऑक्टोबरला, विमान उडालं. यजमानाचा स्वाभिमान आणि ओलिसांचा जीव यांत इथे वेळ गेला. विश्नेव्स्कींसारख्या मुरलेल्या माणसालाही हे लवकर सोडवता आलं नाही, यावरून परक्या भूमीवरच्या पोलिसी कारवाईत बंदुकीपेक्षा आधी काय लागतं ते कळतं.

पुढचा मुक्काम दक्षिण येमेनमधलं एडन. धावपट्टीवर वाहनं उभी करून ती अडवलेली होती. इंधन संपत आलं होतं, म्हणून धावपट्टीशेजारच्या वाळूवर विमान उतरवावं लागलं. चाकं शाबूत आहेत का ते पाहायला कॅप्टन खाली उतरले. परतायला उशीर झाला. परतल्यावर म्होरक्याने त्यांना मार्गिकेत गुडघ्यांवर बसवलं आणि प्रवाशांच्या देखत गोळी घातली.

त्यांना पळून जाता आलं असतं का? खाली उतरल्यावर ते परत आले, एवढं पुरेसं आहे. मागे प्रवासी आणि सहकारी होते.

एडनने विमानाला निघून जायला सांगितलं. सहवैमानिकाने एकट्याने ते उडवलं.

मोगादिशू

१७ ऑक्टोबरच्या सकाळी विमान मोगादिशूला उतरलं. कॅप्टनचा मृतदेह खाली टाकण्यात आला. मागण्या पूर्ण न झाल्यास विमान उडवून देऊ, अशी मुदत घालण्यात आली. ती संपत आली तेव्हा प्रवाशांचे हात बायकांच्या मोज्यांनी बांधले गेले आणि पेटवण्याच्या तयारीने त्यांच्या अंगावर दारू ओतली गेली. स्फोटकं लावलेली होती.

इथे तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या आणि तिन्ही मागे धावणाऱ्यांच्या कष्टाने जुळल्या.

पहिली संमती. सोमालियाचे अध्यक्ष सियाद बारे यांचं इथिओपियाशी ओगादेन प्रांतासाठी युद्ध चालू होतं, सोव्हिएत मैत्री तुटत होती, पश्चिमेकडून मदत हवी होती. श्मिट फोनवर आणि विश्नेव्स्की समोर बसून बोलले. बारे यांनी होकार दिला. नंतर सोमालियाला जर्मन आर्थिक मदत मिळाली. काहींना हा सौदा खटकतो. मला खटकत नाही. ८६ माणसांसाठी देशाने पैसा आणि शब्द खर्च करायचा नाही तर कशासाठी करायचा?

दुसरी गोष्ट वेळ. जर्मन प्रतिनिधींनी टॉवरवरून कळवलं की कैद्यांना सोडलं जातंय, पण जर्मनीहून त्यांना आणायला काही तास लागतील. हे खोटं होतं. म्होरक्याने मुदत पहाटे अडीचपर्यंत वाढवली. वाटाघाटी करणाऱ्याने खोटं बोलू नये, कारण पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. या प्रकरणात मात्र अंगावर दारू ओतून झाली होती. पुढच्या वेळेसाठी पत राखायची तर या वेळचे लोक जिवंत असायला हवेत.

तिसरी गोष्ट पथक. ते अंधार पडल्यावर, दिवे न लावता उतरलं. सोमाली सैनिकांनी विमानतळाला कडं केलं होतं.

रात्री दोनच्या सुमारास काळ्या रंगाच्या शिड्या घेऊन सुमारे तीस जण मागच्या बाजूने विमानाखाली आले. तिथून वैमानिकाच्या खोलीतून काही दिसत नाही. सोमाली सैनिकांनी विमानासमोर काही अंतरावर आग पेटवली आणि ती बघायला अपहरणकर्ते पुढे वैमानिकाच्या खोलीकडे गेले. त्याच वेळी स्टन ग्रेनेड फुटले, दरवाजे आणि पंखांवरच्या आपत्कालीन खिडक्या एकदम उघडल्या. शिरणाऱ्यांनी जर्मनमध्ये ओरडून डोकी खाली करायला सांगितलं. प्रवाशांना ते कळलं, अपहरणकर्त्यांना नाही, त्यामुळे उभं राहिलेलं कोण हे क्षणात ठरलं. एकीकडे गोळीबार, दुसरीकडे पंखांवरून आणि दरवाज्यांतून माणसं बाहेर काढणं, दोन्ही काम समांतर. तीन अपहरणकर्ते मेले, चौथी जखमी होऊन वाचली. पथकातला एक जण जखमी झाला, काही ओलिसांना किरकोळ इजा झाली. विश्नेव्स्कींनी बॉनला कळवलं, 'काम झालं.'

कॅप्टनच्या सिगारेटींचा निरोप इथे कामी आला. चार मोजून झाले की शोध थांबवता येतो. पाचवा कुणी प्रवाशांत मिसळून बसला आहे का, ही शंका उरली असती तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसावर पिस्तूल रोखावं लागलं असतं.

निष्पत्ती

ओलिसांपैकी कुणीही कारवाईत मेलं नाही. त्याच सकाळी श्टामहाइम तुरुंगात गटाचे दोन नेते मृतावस्थेत सापडले, तिसरा नंतर रुग्णालयात मेला आणि चौथी जखमी होऊन वाचली. अधिकृत चौकशीने त्या आत्महत्या ठरवल्या. उच्च बंदोबस्ताच्या कोठडीत पिस्तुलं गेली कशी, या प्रश्नाने तुरुंग प्रशासनाची लाज निघाली. १८ ऑक्टोबरलाच श्लायर यांना मारण्यात आलं. दुसऱ्या दिवशी फ्रान्समधल्या म्युलूझ शहरात एका गाडीच्या डिकीत त्यांचा मृतदेह मिळाला.

वाचलेल्या अपहरणकर्तीला सोमालियात वीस वर्षांची शिक्षा झाली, पण तिथून ती लवकर सुटली. १९९४ मध्ये नॉर्वेत ती सापडली आणि १९९६ मध्ये हँबुर्गच्या न्यायालयाने तिला बारा वर्षांची शिक्षा दिली. एकोणीस वर्षांनी का होईना, प्रकरण न्यायालयात जाऊन पोहोचलं. पोलीस पथकाने केलेल्या कारवाईचा शेवट तिथेच व्हायला हवा.

वेगळं काय करता आलं असतं

रोमबद्दल माझं मत स्पष्ट आहे : विमान अडवायला हवं होतं. टायर फोडले असते तर चिडून ओलीस मारले गेले असते, हा धोका होता. पण थांबलेल्या विमानाशी बोलता येतं, त्याच्याभोवती तयारी करता येते. उडणाऱ्या विमानाबाबत फक्त मागे धावता येतं. अशी विनंती दोन गृहमंत्र्यांच्या फोनवर त्या क्षणी ठरू नये, ती आधीच करारात असावी.

दुबईबाबत प्रश्न एका मंत्र्याच्या बोलण्यापुरता नाही. माध्यमांशी कोण बोलणार आणि काय बोलणार नाही, हे जर्मनांनी यजमानाशी पहिल्या तासात ठरवून घ्यायला हवं होतं. पश्चिम जर्मनीत श्लायर प्रकरणी वृत्तपत्रांनी बऱ्याच प्रमाणात संयम पाळला होता. तो सीमेपलीकडे गेला नाही, आणि कॅप्टनना त्याची झळ बसली.

सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट मात्र पथकाशी संबंधित नाही. श्लायर यांना सुरुवातीला कोलोनजवळच्या एर्फ्टश्टाट-लिब्लार इथल्या एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. तिथल्या स्थानिक पोलिसाला तो फ्लॅट संशयास्पद वाटला होता. भाडेकरू स्त्रीने अनामत रोखीने भरली होती. अपहरणानंतर दोन दिवसांतच त्याने वर कळवलं. तो निरोप टेलेक्सच्या ढिगात, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना, हरवला. कुणी दार वाजवलं नाही. नंतर हेर्मान होशर्ल यांच्या चौकशी अहवालात हे नोंदवलं गेलं. म्हणजे श्लायर कुठे आहेत हे पोलिसांच्या कागदांत होतं. जीएसजी-९ ला तेव्हा त्या फ्लॅटवर पाठवलं असतं, तर कदाचित विमानाचं अपहरण करायचं कारणच उरलं नसतं. 'कदाचित' म्हणतो, कारण फ्लॅटमध्ये शिरतानाही माणूस मरू शकतो. पण तो प्रयत्न करायची वेळ आली होती आणि एका कागदाने ती हुकवली.

महाराष्ट्रातून पाहताना

भारताने १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुरक्षा दल (एनएसजी) उभारताना ज्या परदेशी पथकांकडे पाहिलं त्यांत जीएसजी-९ होतं. एप्रिल १९९३ मध्ये अमृतसरला या दलाने एक अपहृत विमान सोडवलं आणि सगळे प्रवासी सुखरूप राहिले. डिसेंबर १९९९ मध्ये त्याच अमृतसरला काठमांडूहून अपहृत झालेलं विमान पाऊण तासाच्या आसपास उभं होतं आणि उडून गेलं. ते पुढे कंदाहारला गेलं आणि तीन कैदी सोडावे लागले. विमान अमृतसरला उभं असताना दिल्लीत काय ठरत होतं हे वाचताना रोमच आठवतं.

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत हल्ला झाला तेव्हा हे दल मानेसरला होतं आणि मोठं विमान चंदीगडहून यायचं होतं. कमांडो मुंबईत पोहोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो टीव्हीवर थेट दिसत होते आणि पाकिस्तानातले सूत्रधार तेच टीव्ही पाहून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. दुबईत एका वाक्याने जे झालं ते इथे तासन्‌तास झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात या प्रक्षेपणावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. समोरच्या इमारतीतून मोबाइलवर चित्रण करणाऱ्या माणसाला हा नियम लागू होत नाही.

२००९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा दलाचं केंद्र मुंबईत आलं आणि महाराष्ट्राने स्वतःचं फोर्स वन उभारलं. अंतराचा प्रश्न त्याने बराच कमी झाला. पहिल्या तासाचा प्रश्न उरतो. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबला जिवंत पकडण्यासाठी त्याची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सहायक उपनिरीक्षक होते. त्यांच्या हातात काठी होती. लिब्लारमध्ये फ्लॅटचा संशय घेणारा पोलीसही असाच ठाण्यातला होता.

म्हणून राज्यात ओलीस प्रसंगाचा मोठा सराव घेतला जातो, तेव्हा तो फोर्स वनच्या गाड्या येण्यापासून सुरू होऊ नये. पहिला फोन घेणाऱ्या ठाणे अंमलदारापासून तो सुरू व्हावा. त्याने काय टिपून घेतलं, किती हल्लेखोर असल्याचं कुणी सांगितलं, हा आकडा किती मिनिटांत कुणापर्यंत गेला, रस्ता किंवा धावपट्टी अडवायचा अधिकार त्या घटकेला कुणाच्या हाती होता, आणि पत्रकारांना सामोरं कोण गेलं, याच्या वेळा लिहून ठेवाव्यात. पथक आत शिरतं तो भाग सरावाच्या शेवटी आला तरी चालेल.